शालनचा नंबर

‘या नंबरवर एकही खाते सापडले नाही.’

शालनने ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तरी तेच. बचत गटातल्या बाकीच्या बायकांची खाती फोनवर पटापट जोडली गेली, हिचंच मेलं गायब! बारा वर्षं ब्लाउज शिवून भरलेलं खातं जाईल कुठे? मग एकदम आठवलं. खातं उघडलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जावर नवऱ्याचा नंबर टाकला होता. तेव्हापासून बँकेचे मेसेज त्यालाच. “अहो, किती साठले?” असं तिने विचारलं, की म्हणायचा, “आहेत की, कुठं पळतायत!”

दुसऱ्या दिवशी तिने नंबर बदलायचा अर्ज बँकेत दिला. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

“मिस्टरांचा नंबर काढायचाय? त्यांना विचारलंत का?”

“खातं कोणाच्या नावावर आहे?”

“तुमच्या.”

“मग मला विचारा की!”

त्याने अर्जावर शिक्का मारला.

चार दिवसांनी खातं ॲपला जोडलं गेलं. तिच्या शिलाईची पै न पै समोर दिसायला लागली. त्या आठवड्यात नवरा दोनतीनदा आपला फोन चाळत बसला आणि शेवटी तिच्या मशीनपाशी आला.

“तुझ्या खात्याचे मेसेजच येईनात गं. किती साठले?”

शालनने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“आहेत की, कुठं पळतायत!” ती म्हणाली. मग हसून शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. “बसा, दाखवते.”