भूतबंगल्यातला पराक्रम

पार्क बंद पडून जमाना झाला होता, आकाशपाळण्यावर भोपळ्याचे वेल चढले होते. पण भूतबंगल्याच्या मोडक्या दारापाशी येताच आजोबांनी छाती फुगवली.

"इथलं भूत बघून भलेभले पैलवान पळायचे. पण मला बघून? भूतच पळालं!"

नात आजीकडे वळली. "आजी, खरं का गं?"

आजोबा एकदम आकाशपाळणा न्याहाळायला लागले.

"अगदी खरं," आजी म्हणाली. "खोटं कशाला बोलतील ते?"

आजोबांचा जीव भांड्यात पडला.

पार्क चालू होतं तेव्हा तोंडाला चुना फासून, केस पिंजारून त्या बंगल्यात किंचाळायची नोकरी आजीच करायची. आणि भूत पळालं होतं, हेही खरंच. दातखीळ बसून आडव्या झालेल्या या गड्यासाठी पाणी आणायला.