सासऱ्यांनी आवळलेले बोल्ट

सासरे गेले तरी त्यांची जुनी गाडी अंगणात उभी होती. चाकं मात्र नवीकोरी, म्हणून जावईबापूंचा जीव त्यांच्यात अडकला. "काढून आपल्या गाडीला लावतो," ते म्हणाले. "बाबांनी आवळलेले बोल्ट आहेत हो, तुमच्याने नाही सुटायचे," बायको खिडकीतून हसली. बोल्ट आवळला की सासरे त्यावर पान्याने दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "आता बघू कोण काढतो!" जावईबापूंनी तेल पाजलं, शिव्या घातल्या, शेवटी पान्यावर चढून उड्या मारल्या. तीन बोल्ट सुटले, ते चाकाच्या झाकणात ठेवले. चौथा किंचाळतच हातात आला. तो ठेवायला वळले, तर झाकण रिकामं. तिन्ही बोल्ट पुन्हा चाकात, घट्ट. तेवढ्यात टकटक झाली. "अगदी बाबांसारखं वाजवलंत हो!" बायको गहिवरली. पाना तर जमिनीवर पडला होता. जावईबापूंनी मूठ उघडली. चौथा बोल्टही नव्हता.