दुसऱ्या वळणापुरतं इंजिन

बॉनेट बंद होईना, तेव्हा मेस्त्री त्याच्यावर जाऊन बसला. तरी चार बोटं फट राहिली. मग त्याने गाडीचा मालक असलेल्या जावयालाही बसवलं. दोघं शेजारी शेजारी बसले. फट दोन बोटांवर आली.

“इंजिन मोठं आहे,” मेस्त्री म्हणाला. गाडी महिनाभर त्याच्या गॅरेजात पडून होती, त्यातून काढलेला हा निष्कर्ष.

इंजिन एका मोडीत निघालेल्या डिलिव्हरी व्हॅनचं होतं. गाडी मात्र एवढीशी, की चौघं बसले की कुणी जांभई देऊ नये. इंजिन मावावं म्हणून बॅटरी डिकीत गेली, रेडिएटर पुढे सरकला. हॉर्न कुठे गेला ते मेस्त्रीलाच आठवेना. वाजायचा मात्र, कुठून तरी.

“एक लक्षात ठेवा. एवढी ताकद, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांना. जोरात दाबलंत की स्टिअरिंग डावीकडे ओढणार. घट्ट धरायचं.”

“किती घट्ट?”

“बायकोशी भांडताना मुद्दा धरता ना, तेवढं.”

जावयाला डाव्याउजव्याचं काही नव्हतं. त्याला वर जायचं होतं. तेही एका दमात, सगळ्यांना घेऊन.

सासऱ्यांचं घर टेकडीवर होतं. दर रविवारी जावई आणि बायको सासूसासऱ्यांना बाजारात न्यायचे आणि परत घरी सोडायचे. परतताना दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकायची आणि बसकण मारायची. मग मागच्या सीटवरून सासऱ्यांचा शांत आवाज यायचा, “आम्ही उतरतो.” सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. याहून एक अक्षर जास्त बोलत नसत, आणि तेच जावयाला जास्त झोंबायचं. ते दोघं पायी निघायचे. हलकी झालेली गाडी खुशाल वर जायची. जावई फाटक उघडून उभा राहायचा, हॉटेलच्या दरवानासारखा. तीन वर्षं हेच. शेजारीपाजारी आता गाडी पाहून म्हणायचे, “पिशव्या आल्या. माणसं येतीलच मागून.”

रविवारी निघताना बायकोने नव्या इंजिनाचा आवाज ऐकला आणि बजावलं, “आज आईबाबा दारात उतरले नाहीत, तर हे इंजिन घरात राहील आणि तू गॅरेजात.”

बाजार आटोपून ते टेकडीशी आले. पहिलं वळण गाडीने हसतखेळत घेतलं. दुसऱ्या वळणाशी जावयाने स्टिअरिंग मुद्द्यासारखं धरलं आणि पाय दाबला.

इंजिन असं गरजलं की वरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. पुढची चाकं गरागरा फिरली. गाडी तिथेच. नाक आभाळाकडे, मागे सासूसासरे, चार पिशव्या आणि बॅटरी. पुढची चाकं रस्त्याला नुसत्या गुदगुल्या करत होती. जावयाने आणखी दाबलं. गाडी वर जाण्याऐवजी डावीकडच्या भिंतीकडे बघायला लागली. रबर जळल्याचा वास सुटला, धूर झाला. एक कुत्रं आलं, समोर बसलं आणि पुढे काय होतंय ते पाहू लागलं.

जावयाने पाय काढला. त्याचे डोळे चुरचुरत होते. धुराने, असं त्याने बायकोला न विचारता सांगितलं. आता मागून ते दोन शब्द येणार म्हणून त्याने मान खाली घातली.

सासऱ्यांनी आरशातून त्याचा चेहरा पाहिला.

“जावईबापू,” शेवटी ते म्हणाले, “गाडी फिरवा. तोंड उताराकडे करा आणि उलटी चढवा.”

“उलटी?”

“ओढणारी चाकं खालच्या अंगाला आली की सगळा भार त्यांच्यावर बसतो. शिवाय रिव्हर्सला जोरही जास्त. घ्या मागे.”

जावयाने गाडी फिरवली, मान मागे वळवली, क्लच सोडला. आणि गाडी निघाली. ना धाप, ना धूर. पाठमोरी, दरबारातून अदबीने मागे सरत बाहेर पडावं तशी ती डौलात वर चढली. खाली कुत्रं लहान लहान होत गेलं.

फाटकाशी चौघंही गाडीतून उतरले. “बाई गं, गुडघा दुखलासुद्धा नाही!” म्हणत सासूबाई पिशव्या घेऊन तडक आत गेल्या. मागोमाग बायको, जाताना नवऱ्याच्या पाठीवर कौतुकाची थाप देऊन.

जावयाने बॉनेटवर हात ठेवला. “पाहिलंत बाबा? इंजिन!”

“जुन्यावरही चढली असती,” सासरे म्हणाले. “अशीच, उलटी. पहिल्याच रविवारी.”

जावयाने हात काढून घेतला. “मग तीन वर्षं बोलला का नाहीत?”

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. आत डबे वाजत होते. त्यांनी आवाज खाली आणला.

“लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. घरात ती माझ्या हातात पिशवी देते, छत्री देते, गोळ्या देते. माझा हात मात्र धरते ती या चढावरच. दुसऱ्या वळणापासून फाटकापर्यंत.”

जावयाने खालच्या वळणाकडे पाहिलं. “मग आज कशाला सांगितलंत?”

“आज तुमचं तोंड बघवेना हो.”

सासरे आत जायला वळले. पायरीवर थांबले.

“पुढच्या रविवारी सरळच घ्या. आणि धूर आजच्याएवढाच काढा.”