कानासाठी कॅप्सूल

तैवानातल्या काङशानच्या स्क्रू कारखान्यात बाओजूची एकवीस वर्षं गेली, आणि त्यापायी डावा कानही गेला. तपासणीत ते उघड झालं तेव्हा तिने मालकांकडे एकच मागणं केलं होतं, मशीनींवर आवाज अडवणारी झाकणं बसवा.

त्साय मालकांनी तिला ऑफिसात बोलावून कॅप्सूलची डबी दिली.

"अँटिऑक्सिडंट आहेत, ताई. आवाजानं कानाच्या आतलं झिजतं ना, त्याला बळ मिळतं म्हणे. रोज दोन घ्या."

"आणि झाकणं?"

"झाकणं लावली तर मशीन तापते. तिला जपायला नको?"

मशीनीला जपण्यात मालकांचा हात कोणी धरू शकत नसे. मशीन शहाण्यासारखी चालावी म्हणून तैवानात सगळेच तिच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात. पण त्साय मालक तारीख उलटायच्या आत प्रत्येक पुडी स्वतः बदलत, वर हात जोडून मशीनीची विचारपूस करत.

सोमवारी ते नव्या पुड्या घेऊन फेरीला आले. बाओजूच्या मशीनीवर, खाऊच्या शेजारी, तीच डबी सीलसकट ठेवलेली होती.

"हे औषध इथं कशाला ठेवलंय, ताई?" गोंगाटात त्यांना तिच्या उजव्या कानाशी येऊन ओरडावं लागलं.

बाओजूने हातातलं काम थांबवलं नाही.


"दिवसभर बोंबलतेय ही, मग औषध मी का घेऊ?"