कंपनीचं माप

गाडी मागून पार चेपली होती, पण पुढची चाकं शाबूत होती. पन्नास वर्षांपूर्वीची ती दांडग्या इंजिनाची गाडी काकांनी स्वतःच्या हातांनी उभी केली होती. आजकालच्या धाटणीचे नवे रेडियल टायर घातले, चाकांचे कोन जुळवायची अलाइनमेंटही घरीच केली. थोरला लेक ती घेऊन गेला, सरळ रस्त्यावर भरकटला, गाडी गरकन फिरली आणि मागून झाडावर आदळली. तो जागच्या जागी गेला.

"मिस्त्री, एकदा मोजून बघ," काका म्हणाले. "घास उतरत नाही रे घशाखाली. माझ्या हातून काही चुकलं असेल तर तोंडावर सांग."

मिस्त्रीने चाकांना मशीन लावलं. काकांचा हात साफ होता. कंपनीने त्या काळी दिलेलं माप त्यांनी केसभरही ढळू दिलं नव्हतं. पण ते माप त्या काळच्या टायरचं होतं. नव्या टायरवर तेच ठेवलं, तर वेगात गाडी सरळ राहत नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं.

त्याने मान वर केली. काका त्याच्या ओठांकडे बघत होते.

"माप तंतोतंत आहे काका. तुमचं काही चुकलं नाही."

काका मटकन स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडले. मग डोळे पुसत त्यांनी खिशातून फोन काढला.

"जीव भांड्यात पडला बघ. धाकट्याला सांगतो, नीघ आता बिनघोर. त्याच्या अशाच जुन्या गाडीलाही मी हेच टायर नि हेच माप लावलंय."