विहिरीतली बाटली

जळगाव जामोदचे गुलाबराव गोळी-सोड्याच्या जुन्या बाटल्या जमवत. काचेचा रंग आणि मानेची घडण पाहून बाटली कोणत्या कारखान्याची ते सांगत.

सोनाळ्याच्या तानुबाईनं विहिरीतला गाळ उपसताना सापडलेली हिरवट बाटली आणली. तिचा नवरा शेषराव बाजारात सोडा विकायचा. बाटल्या गार राहाव्यात म्हणून टोपलीत घालून विहिरीत सोडायचा. एकदा दोर तुटला. तो टोपलीमागं उतरला, तो वर आलाच नाही.

"ही आमचीच हाये काय, तेवढं सांगा भाऊ."

बाटली रिकामी होती, कोरडी ठणठणीत. तरी गोळी वर, तोंडाशी घट्ट बसलेली. गुलाबराव थबकले. आत सोड्याचा जोर असला तरच गोळी वर राहते. रिकाम्या बाटलीत ती मानेत खुळखुळते.

त्यांनी अंगठ्यानं गोळी दाबली. फस्स झालं नाही. बाटलीनं बाहेरची हवा आत ओढली, थांबली, आणि ऊन ऊन अंगठ्यावर सोडली. गोळी पुन्हा वर येऊन बसली.

त्यांनी पुन्हा दाबली. या खेपेला हवा आत जायला फार वेळ लागला. बारीक शिटीसारखा आवाज येत राहिला.

"जरा हळू, भाऊ," तानुबाई म्हणाली. "त्यायले दमा होता."