किरणच बोलतोय

“हो, किरणच बोलतोय,” तो म्हणाला आणि त्याने फोन कानाला घट्ट धरला.

पलीकडे शर्मिला मॅडम होत्या, लष्कराच्या लस-अभ्यासातल्या. सीमेवर जाण्याआधी किरणच्या तुकडीतल्या जवानांना नवी लस टोचली होती. तिचा तब्येतीवर पुढे काय परिणाम होतो, हे त्या दर वर्षी, नोकरी सोडून गावी परतलेल्यांनाही, एकेकाला फोन करून विचारत.

“आवाज बसलाय का हो?”

“खारा वारा, मॅडम. इथे सगळ्यांचाच बसतो.”

“दंड दुखतो? हातपाय बधिर होतात?”

“दुखत काहीच नाही.”

“ताप? झोप लागते ना?”

“ताप नाही. झोप शांत.”

लशीचा त्रास या घरात कुणाला कधी झालाच नव्हता. तरी या फोनची तो वर्षभर वाट बघायचा. होडी विकल्यापासून तो समुद्राकडे पाठ करूनच बसे, कुणाशी चकार शब्द बोलत नसे. आतून सगळं बधिर झालं होतं. किरण कसा आहे, हे विचारणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलं होतं.

“यंदा रक्ताचा नमुना लागेल,” मॅडम म्हणाल्या. “उद्या मालवणात आमचं शिबिर आहे. नाही आलात तर नाव कमी होईल, मग फोनही येणार नाही.”

तो उठून उभाच राहिला.

“नाव काढू नका. येतो मी.”

फोन ठेवला तेव्हा त्याची बायको सत्यवती दारात उभी होती. सकाळपासून ती चुलीशी राबत होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. एरवी माशांशिवाय घास न उतरणाऱ्या घरात आज माशाचा वासही नव्हता.

“काय म्हणता मॅडम?”

“रगत व्हया म्हणता. उद्या.”

“आणि तुमी होय म्हटलात?”

“नायतर नाव काढतले. मगे फोन येवचो नाय.”

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिने नुसता पदर डोळ्यांना लावला.

“जावा,” ती म्हणाली.

मग तिने वाढलेलं केळीचं पान उचललं, परसातल्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं आणि माडावरच्या कावळ्याकडे बघून हात जोडले.

“ये रे किरणा, जेव. बापूस जाता उद्या तुझ्या नावान रगत देऊक.”